निळीला वाहिलेली फुलं

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणी हृदयाच्या शस्त्रक्रियांबद्दल लिहितं, कुणी समुद्रातल्या तेलविहिरींबद्दल. यंदा संपादकीणबाईंचा फोन आला, शैलाताई, या वेळी तुम्ही तुमच्या नोकरीबद्दल लिहा. मी म्हटलं, अगं बाई, लोक फराळाची ताटली मांडीवर घेऊन अंक वाचतात, त्यांना मी सरडे दाखवू? ती म्हणाली, दाखवा. तेव्हा दाखवते. ज्यांना किळस येते त्यांनी खुशाल पान उलटावं, पुढे कुणाची तरी अनारशांची कृती असेलच.

मी शिकले गुरांची डॉक्टर व्हायला. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं पारडू मी काढलेलं आहे, तेही बघ्यांची गर्दी "बाईमाणसाला जमेल का" म्हणत उभी असताना. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न करून टेक्ससमध्ये आले. विनायक, म्हणजे माझा नवरा, तेलकंपनीत इंजिनियर. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला घर घेतलं. माझी डिग्री इथे चालेना, परीक्षा नव्याने द्यायला हव्या होत्या. तोवर रिकामं कशाला बसायचं म्हणून शहरातल्या झूमध्ये, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागात कीपरची नोकरी धरली. कीपर म्हणजे काय, तर पिंजरे धुवायचे, शी काढायची, भाजी चिरायची आणि कोण खातंय, कोण खात नाहीये हे दिवसभर बघत राहायचं. परीक्षा देईन देईन म्हणता राहूनच गेल्या. त्याचं वाईट वाटतं का? वाटतं कधीकधी. पण सरड्यांनी मला धरून ठेवलं, त्याला मी काय करू.

मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, "या डॉक्टर आहेत" अशी माझी ओळख करून दिली की समोरच्या बाई खूश होऊन आपलं गुडघ्याचं दुखणं काढायच्या. कशाची डॉक्टर ते कळलं की हळूच ताटली उचलून दुसऱ्या टेबलावर जायच्या. एक काका दर वेळी विचारायचे, तानाजीच्या घोरपडीसारखी दोर लावून गड चढेल का तुमच्याकडची एखादी? मी सांगायची, काका, ही घोरपड नव्हे, ही शुद्ध शाकाहारी आहे. विनायक तर चारचौघांत म्हणायचा, सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि आमच्या बायकोची सरड्यापर्यंत. मीही हसायची. पुढे तेलाचे भाव कोसळले, त्याच्या कंपनीने माणसं काढली त्यात तोही गेला, आणि वर्षभराहून जास्त आमचं घर माझ्या त्या शी काढायच्या पगारावर चाललं. त्या काळात माझा डबा रोज सकाळी तोच भरून द्यायचा.

मंडळींना माझी आठवण यायची ती घरात पाळलेल्या सरड्याला काही झालं की. आमच्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी पोराच्या हट्टापायी हिरवा इग्वाना आणला होता. तो पाय ओढत चालायला लागला म्हणून घाबरून मला बोलावलं. मी त्याचा जबडा चिमटीत धरला तर रबरासारखा दबला. काय घालता खायला? तर मऊ वरणभात, वर तूप, आमचं लेकरू खातं तेच. उन्हात ठेवता का? रोज खिडकीत ठेवतो ना! आता खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण उन्हातला जो अंश हाडांना लागतो तो काच आत येऊ देत नाही. सरड्याला हवा पाला आणि हवं उघडं ऊन. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, माझ्याच घरात मुडदूस! तो सरडा वाचला, थोडा वाकडा राहिला एवढंच.

पण मला सांगायचं आहे ते त्या हिरव्यांबद्दल नाही. आमच्या विभागाची खरी शान म्हणजे खडकावरचे इग्वाना. शास्त्रीय नाव सायक्लुरा, शेपटीवर काट्यांची कडी असतात त्यावरून पडलेलं. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर चुनखडकाच्या कपारींत हे राहतात. दर बेटाची जात निराळी. क्यूबाची वेगळी, जमैकाची वेगळी, हैतीकडच्या जातीच्या नाकावर शिंगांसारखी टेंगळं, आणि बहामाच्या चिमुकल्या बेटांवर तर एका बेटावर दिसणारा प्राणी शेजारच्यावर तसाच सापडेल याची खात्री नाही. खातात पाला, फळं, फुलं. माणसासारखे म्हातारे होईपर्यंत जगतात. मोठ्या झालेल्या इग्वानाला त्याच्या बेटावर कुणी शत्रूच नव्हता, त्यामुळे घाबरून पळायचं असतं हे त्याला कधी शिकावंच लागलं नाही. मग माणूस आला तो कुत्री, मांजरं, डुकरं घेऊन आला. काही बेटांवर उसातले उंदीर मारायला मुंगूस नेले, तेही आपल्याकडून, हिंदुस्थानातून. उंदीर राहिले बाजूला, मुंगसांनी सरड्यांची पिल्लं फस्त केली. जमैकाची जात तर त्या काळी संपली असंच सगळे धरून चालले होते. पुढे काही वर्षांनी तिथल्या टेकड्यांत थोडे जिवंत सापडले, त्या दिवशी मी घरी शिरा केला होता.

आमचा क्युरेटर, म्हणजे विभागप्रमुख, वॉल्टर. पश्चिम टेक्ससचा, उंच, सावकाश बोलणारा, आयुष्यभर सापांत राहिलेला माणूस. मी भारतात जाऊन आले की विचारायचा, मुंगूस आणला नाहीस ना? हा त्याचा एकमेव विनोद, आणि तो दर वेळी नव्याने करायचा.

या सगळ्या जातींत ग्रँड केमन बेटावरची जात निळी. सावलीत, गारव्यात ती राखाडी दिसते, खडकाच्याच रंगाची. उन्हात चांगली तापली की अंगावर निळा रंग चढत जातो, डोक्यापासून शेपटीपर्यंत. बेटावर फारच थोड्या उरल्या होत्या. आमच्याकडे एकच मादी होती. कुणीतरी चोरून बोटीने आणलेली, बंदरावर कस्टमवाल्यांनी पकडून आमच्या हवाली केलेली. पुढच्या पायाचं एक बोट तुटलेलं. कागदोपत्री तिला नंबर होता. मी तिला निळी म्हणायची, वॉल्टर "नीली" म्हणायचा.

आली तेव्हा निळी काही खाईना. कोलार्ड म्हणून जाड पानांची भाजी इथे मिळते ती नको, पपई नको, काहीच नको. खडकाखाली तोंड घालून पडून राहायची. या प्राण्यांना लाल रंग पटकन दिसतो आणि जास्वंदीचं फूल बहुतेकांना आवडतं, हे वॉल्टरला ठाऊक होतं. पण दुकानातल्या जास्वंदीवर औषध मारलेलं असतं, ते चालत नाही. तेव्हा मी म्हटलं, वॉल्टर, लाल जास्वंद मी आणते, तू कशाला काळजी करतोस. ह्यूस्टनच्या दमट हवेत जास्वंद उत्तम येते आणि शुगर लँडच्या ज्या ज्या मराठी घरात गणपती आहे तिथे मागच्या अंगणात ती असतेच. चार घरी फोन केले. त्यांतलं एक घर वंदनाचं. तिने सांगितलं, फुलं आमच्या आईंची आहेत, त्यांनाच विचारा.

आई म्हणजे वंदनाच्या सासूबाई, इंदूकाकू. साताऱ्याकडच्या. यजमान गेल्यावर मुलाने इकडे आणलं. घर मोठं, माणसं दिवसभर बाहेर, नातवंडं इंग्रजीत बोलणारी. काकूंना गाडी येत नव्हती, फोनवर इंग्रजी येत नव्हतं. आपल्याकडे माणूस दारात उभं राहिलं तरी दोन शब्द होतात. इथे काकू दारात उभ्या राहिल्या तर समोर फक्त गराजांची बंद दारं दिसायची. मी फुलं मागायला गेले तेव्हा त्यांनी मला चहा दिला, नंतर पोहे, नंतर पुन्हा चहा. सगळं नीट विचारून घेतलं. सरडा? केवढा? बाई आहे का ती? आणि जेवत नाही? माहेरची आठवण येत असेल गं, म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मी खडकाच्या तोंडाशी एक लाल फूल ठेवलं आणि लांब जाऊन बसले. बऱ्याच वेळाने निळीने मान बाहेर काढली, जिभेने फूल चाचपलं आणि गट्ट केलं. मी घरी पोचायच्या आधी गाडी वळवून काकूंना सांगायला गेले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर काकूंचा दिनक्रमच ठरला. सकाळी परडी घेऊन अंगणात जायचं, आधी गणपतीपुरती फुलं काढायची, उरलेली ओल्या कापडात गुंडाळून निळीसाठी फ्रिजमध्ये. कामावर जाताना मी ती उचलायची. झूमध्ये बाहेरचं काही प्राण्याला घालायला सक्त मनाई असते. लोक काय काय टाकतात म्हणून सांगू! पॉपकॉर्न, चीज, नाणी. वॉल्टरने काकूंच्या फुलांना परवानगी दिली ती माझ्या हातून तपासून, धुऊन घालायच्या अटीवर, आणि फक्त जास्वंद. हे मी काकूंना सांगितलं होतं. कधी शनिवारी मी त्यांना बरोबर न्यायची. इग्वानांचा उन्हाळी कट्टा उघड्यावर होता, कमरेएवढी भिंत, आत चुनखडीचे दगड. काकू भिंतीशी उभ्या राहून निळीशी गप्पा मारायच्या. सुनेचं गाऱ्हाणंसुद्धा तिच्यापाशी व्हायचं, आणि वंदनाला ते माहीत होतं.

एक गोष्ट मात्र काकूंना खुपायची. आदल्या दिवशीची देवावरची फुलं, निर्माल्य, त्याचं इथे करायचं काय? नदी नाही. घरामागच्या कालव्यात काही टाकलं तर दंड. मुलगा सिंकमध्ये टाकून बटण दाबायचा आणि खालच्या चक्कीत फुलं घरघर दळून निघायची. काकू मला म्हणाल्या होत्या, तो आवाज झाला ना, की मी कान झाकून घेते.

त्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका झूकडून नर उसना मिळाला आणि निळी गाभण राहिली. पोटात बोटांना अंडी लागायला लागली. त्या वेळी अख्ख्या जगात तिची जात मोजक्या जीवांवर तगून होती, त्यामुळे आमच्या विभागात जे चाललं होतं ते लेकीच्या बाळंतपणाहून कमी नव्हतं. वाळूची पेटी भरून ठेवली. झूची डॉक्टर हेलन दिवसाआड येऊन पोट चाचपून जायची. काकूंना सांगितलं तर त्यांनी ओटी भरायची का म्हणून विचारलं. मी म्हटलं, काकू, फक्त जास्वंद.

आणि मग अंगारकी आली. अंगारकीला काकूंचा कडक उपास. आदल्या संध्याकाळी वादळी पावसाने अंगणातल्या जास्वंदी झोडपल्या, एक फूल धड राहिलं नाही. गणपतीला लाल फूल तर हवं. कॉलनीच्या मागच्या रस्त्याला लाल कण्हेरीचा ताटवा होता, टेक्ससमध्ये कण्हेर रस्तोरस्ती लावतात. काकूंनी पहाटे परडीभर कण्हेर आणली, डहाळ्यांसकट, आणि देवाला वाहिली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, वंदना मुलांना झूत घेऊन निघाली, तेव्हा काकूही गाडीत बसल्या. हातात निर्माल्याची पिशवी.

मी त्या वेळी मागच्या बाजूला खाद्याचा ट्रक उतरवून घेत होते. काकूंनी मला शोधलं, मी दिसले नाही. भिंतीपाशी गेल्या. निळीला काकूंच्या हातातला लाल रंग लांबून दिसला आणि ती दगडावरून उतरून धावत आली. नातवंडं टाळ्या पिटायला लागली. काकूंनी हाताने एकेक फूल तिच्या तोंडात दिलं. हे सगळं मला नंतर वंदनाने सांगितलं. म्हणाली, शैलाताई, आई इतक्या आनंदात मी त्यांना इथे आल्यापासून पाहिलं नव्हतं.

दुपारी मी कट्ट्यावर आले. रणरणतं ऊन, आणि निळी उन्हाच्या मधोमध दगडावर पडलेली, पण राखाडी. आमच्या धंद्यात रंग हाच ताप आणि रंग हीच नाडी. तापलेल्या दगडावर ती निळी दिसायला हवी होती. मनात शंकेची पाल चुकचुकली. जवळ गेले तर तोंडातून लाळ, मागचे पाय लुळे. सहा महिन्यांच्या बाळाएवढं तिचं वजन, दोन्ही हातांवर उचललं आणि दवाखान्याकडे पळत सुटले.

हेलनने तिला टेबलावर घेतलं. सरड्याचं हृदय ऐकणं अवघड असतं, खवल्यांची खरखर मध्ये येते. खाली ओला टॉवेल घालून ऐकावं लागतं, किंवा एक छोटं यंत्र असतं ते रक्ताची सळसळ मोठ्याने ऐकवतं. ते यंत्र लावलं. ठोका पडायचा, मग दुसरा, मग काहीच नाही. आणि मग पुन्हा एक. हेलनने पोटात नळी घालून कोमट पाण्याने धुवायला घेतलं. परातीत पाणी आलं त्यात पालापाचोळा होता, दूर्वांचे तुकडे होते, गुलबट लाल पाकळ्यांचा लगदा होता, अरुंद जाड पानांचे तुकडे होते. आणि तळाशी तांदळाचे चार दाणे, लाल झालेले.

अक्षता. त्या खोलीत मला एकटीलाच त्या ओळखू आल्या. फूलही ओळखू आलं. कण्हेर, कण्हेर, असं मी मराठीतच ओरडले. हेलन विचारतेय, काय आहे हे, आणि मला इंग्रजी नाव काही केल्या आठवेना. जन्मभर पाठ असलेलं नाव, पण जिभेवर येईना. मी तशीच बाहेर धावले. झूच्या आवारातली कण्हेर वॉल्टरने कधीच उपटून टाकली होती, पण फाटकाबाहेर रस्त्याच्या दुभाजकावर होती. गाड्या थांबवत रस्ता ओलांडला, एक फांदी मोडली आणि आणून हेलनच्या टेबलावर ठेवली. फांदी पाहून हेलनने डोळे मिटले. कण्हेरीचं विष हृदयालाच धरतं.

कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली, शिरेतून पाणी दिलं, ठोके वाढवायचं औषध दिलं. अंड्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. पोट कापून काढावीत तर भुलीनेच तिचं हृदय थांबलं असतं. हेलनने ठरवलं, थांबायचं. हृदय आपण होऊन थांबलंच, तर त्याच क्षणी पोट उघडायचं. मी यंत्र धरून तिच्याशेजारी बसले. दोन ठोक्यांमधली ती शांतता, तिच्याइतकं वाईट मी आयुष्यात दुसरं काही ऐकलेलं नाही.

त्याच संध्याकाळी वॉल्टरला मी सगळं सांगितलं. कुणी टवाळ पोराने विष घातलं असणार असं समजून तो सुरक्षावाल्यांना बोलावणार होता. अक्षता म्हणजे काय, निर्माल्य म्हणजे काय, ते मला जमेल तसं समजावलं. तो टोपी हातात घेऊन ऐकत होता. रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठोका आला नाही. आम्ही वाट पाहिली, आला नाही. हेलनने लगेच पोट उघडलं आणि अंडी एकेक माझ्या हातात दिली. या अंड्यांची वरची बाजू वरच ठेवावी लागते, उलटली तर आतला जीव मरतो. मी प्रत्येकावर पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण केली आणि ओलसर भुशात घालून इन्क्युबेटरमध्ये ठेवली. हात चालत होते. काम संपल्यावर मी रडले. टेबलावर निळी होती, चुनखडीच्या रंगाची.

आता काकूंना काय सांगायचं?

वंदनाला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती गयावया करायला लागली. ताई, आईंना सांगू नका, त्या खचतील, म्हातारपणाने गेली म्हणा, आजाराने गेली म्हणा. विनायकचंही तेच मत. म्हणाला, मेलेला सरडा परत येणार आहे का? मग जित्या माणसाला कशाला मारतेस? मलाही ते पटत होतं. खोटं न बोलायला मी काही हरिश्चंद्राचा अवतार नाही. मी वॉल्टरला विचारलं. तो इतकंच म्हणाला, "तिला सांगितलं नाहीस, तर ती पुढच्या वेळी प्रेमाने दुसऱ्या कुणाला तरी घालेल."

रविवारी गेले. वंदनाने दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता बाजूला झाली. काकू स्वयंपाकघरात फुलं ओल्या कापडात गुंडाळत होत्या, जास्वंद पुन्हा फुलली होती. म्हणाल्या, घे, चार दिवस फिरकली नाहीस, उपाशी असेल ती. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगून टाकलं. निळी गेली, काकू. कण्हेरीने गेली.

काकूंनी मान हलवली. मला वाटलं त्यांना कळलंच नाही. कण्हेर विषारी असते हे त्यांना माहीत नसणार, असंच मी धरून चालले होते. ते कसं समजावून सांगायचं याची मी गाडीत तयारी केली होती. तेवढ्यात त्या बोलल्या.

"मला ठाऊक आहे गं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जीव द्यायला बायका कण्हेरच खायच्या." हातातल्या पुडक्यावरचं कापड त्यांनी सारखं केलं. "पण ती देवाला वाहिलेली होती, शैला. देवाच्या पायांवरून आली की त्यात विष राहत नाही, असं मला वाटलं."

वंदना दारात उभी होती, ती आत निघून गेली. काकूंनी विचारलं, पोटात होती ना ती? मी म्हटलं, अंडी काढलीत आम्ही, ठेवलीत. काकू उठल्या, हातातलं फुलांचं पुडकं तसंच टेबलावर ठेवलं आणि देवघरात गेल्या. दार लोटून घेतलं.

त्या दिवसापासून काकूंनी देवाला फूल वाहिलं नाही. वंदना सांगायची, देवापुढे फक्त पाण्याची वाटी ठेवतात. अंगणात जास्वंदी फुलून झाडावरच सुकायच्या. काकू जेवायच्या, बोलायच्या, नातवंडांचे कपडे घड्या करायच्या, पण झूचं नाव काढलं की उठून जायच्या. मी सांगितलं ते बरोबर केलं का? आज इतक्या वर्षांनीही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. वॉल्टर त्या वर्षी मी भारतातून परत आले तेव्हा मुंगसाचं काही बोलला नाही. नंतरही कधी नाही.

अंड्यांतली बरीचशी खराब झाली. एकेक पिवळी पडून बसायची, बुरशी धरायची, आणि मी ती काढून टाकायची. शेवटी थोडी राहिली. इन्क्युबेटरची काच रोज सकाळी पुसताना मी आत बघायचंसुद्धा टाळायची. उन्हाळा सरत आला तेव्हा एका अंड्यावर घामासारखे थेंब दिसले, मग चीर पडली आणि इवलंसं नाक बाहेर आलं. तीन पिल्लं निघाली. राखाडी, अंगावर गडद पट्टे, बोटाएवढी आणि पहिल्या दिवसापासून तोऱ्यात. आठवडाभर ती पोटातल्या बलकावर राहतात, काही खात नाहीत. खायची वेळ आली तेव्हा वॉल्टर मला म्हणाला, तुझ्या त्या बाईंना आण.

काकू यायला तयार नव्हत्या. मी त्यांना फार आग्रह केला नाही. नुसतं दारात गाडी उभी करून बसून राहिले, आणि त्या आल्या. झूच्या मागच्या दाराशी वॉल्टर उभा होता. काकू त्याच्यासमोर थांबल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे करून उघडून दाखवले, मग पदरही झटकून दाखवला. काही आणलेलं नाही. वॉल्टरने डोक्यावरची टोपी काढली.

आत टेबलावर काचेची पेटी होती. एक पिल्लू दगडावर चढून मान वर करून आमच्याकडे बघत होतं. वॉल्टरने आमच्या काचघरातली एक जास्वंद आणली होती, स्वतः धुतलेली. त्याने ती काकूंच्या हातात दिली आणि खुणेने पिल्लाकडे बोट दाखवलं. काकूंनी मान हलवली, नाही. त्याने पुन्हा बोट दाखवलं. मग काकूंनी मला विचारलं, ही कुणी तोडली? मी म्हटलं, यानेच. नीट बघून? हो काकू, नीट बघून.

काकूंनी एक पाकळी तोडली. ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि स्वतःच्या तोंडात घातली. सावकाश चावून गिळली. मग टेबलाची कड धरून तशाच उभ्या राहिल्या. वॉल्टरने माझ्याकडे पाहिलं आणि तोही उभा राहिला. आम्ही तिघं वाट बघत राहिलो. बराच वेळ गेला आणि काकूंना काही झालं नाही, तेव्हा त्यांनी दुसरी पाकळी तोडून पिल्लापुढे धरली.